बुरशी दिसली की मारायचीच का? कूलरच्या ताट्या, संत्रा, गजकर्ण आणि सात्या

धरमपेठी
पाऊस लागला, गावभर कूलर उतरायला लागले. ताट्या काढल्या की वूडवुलवर, म्हणजे त्यांत भरलेल्या लाकडाच्या बारीक तंतूंवर, काळे-हिरवे ठिपके आणि तो ओळखीचा कुबट वास. बहुतेक घरांत मग दोनच गोष्टी होतात. ताटी तशीच माळ्यावर जाते, नाही तर फिनाईल, ॲसिड, बागेतलं उरलेलं बुरशीनाशक, जे हाताला लागेल ते तिच्यावर मारलं जातं. त्याच आठवड्यात नागपूरजवळच्या काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशीच, पैसे देऊन आणतात आणि झाडाला घालतात.

माझं मत असं की 'बुरशी' हा एकच शब्द आपण शेकडो वेगळ्या जिवांना लावतो आणि तिथूनच चुका सुरू होतात. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ताटीवरची बुरशी तब्येतीला किती बाधते? एकच औषध सगळीकडे चालतं का? आणि २०२१ च्या म्युकरचा, म्हणजे कोविडनंतरच्या 'काळ्या बुरशी'चा, कूलरशी खरंच काही संबंध होता का? मात्रा, दिवस, सगळं नेमकं लिहा.

सूक्ष्मदर्शी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' आहे. कारण सांगतो.

बुरशी ही वनस्पती नाही. वंशावळीने ती झाडांपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, जवळची आहे. म्हणूनच बुरशीवरची औषधं शोधणं अवघड जातं. जिवाणूची पेशी आपल्यापेक्षा इतकी वेगळी असते की पेनिसिलिन तिला मारतं आणि आपल्याला धक्का लावत नाही. बुरशीत आणि आपल्यात वेगळं सापडतं ते थोडकंच. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. तिच्या भिंतीत कायटिन आणि ग्लुकन असतं, आपल्या पेशींना भिंतच नाही. जवळजवळ सगळी औषधं या दोन-तीन फटींतून आत शिरतात. ॲम्फोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला धरतं, पण थोडं कोलेस्टेरॉललाही धरतं, म्हणून मूत्रपिंडाला त्रास होतो. इट्राकोनॅझोलसारखी ॲझोल औषधं अर्गोस्टेरॉल बनूच देत नाहीत.

आता शेतातली टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल ही बुरशीनाशकंही त्याच ॲझोल घराण्यातली आहेत. शेतात त्यांचा मारा सहन करून तगलेला ॲस्परजिलस, हवेत सगळीकडे सापडणारी एक बुरशी, दवाखान्यातल्या औषधालाही जुमानत नाही, हे जगात अनेक ठिकाणी दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची यादी काढली, तिच्यात पहिल्या गटातल्या चारांत ॲस्परजिलस फ्युमिगॅटस आहे. तेव्हा बागेतलं बुरशीनाशक ताटीवर मारू नका. ते घरात श्वासावाटे जाण्यासाठी बनलेलंच नाही.

नरखेडचा_बांध
संत्र्यावर लिहितो. आपल्याकडे झाड बसवणारा मुख्य रोग म्हणजे डिंक्या आणि मूळकूज. दोन्हींचं कारण फायटोप्थोरा.

ओळखायचं कसं? बुंध्याला जमिनीजवळ उभ्या चिरा पडतात, त्यांतून तांबूस डिंक गळतो. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मग पानगळ. पण खरी खूण मातीखाली आहे. आळ्यातली वीतभर माती उकरा, बारीक तंतुमुळी चिमटीत धरा आणि हलकं ओढा. निरोगी मुळी तुटते. रोगट मुळीची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत पांढरा दोरा उरतो. ही खूण दिसली की वरून टॉनिक मारण्यात पैसा घालवू नका.

उपाय: धारदार चाकूने रोगट साल पार निरोगी भागापर्यंत खरवडा. खरवडलेली साल बागेत टाकू नका, जाळा. मग बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. सोबत मेटॅलॅक्झिल-एम अधिक मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर आळ्यात आणि बुंध्यावर. किंवा फोसेटिल २.५ ग्रॅम प्रति लिटर फवारणीने, ते पानातून मुळापर्यंत उतरतं.

एक गोष्ट लक्षात ठेवाच. फोसेटिल तांब्याच्या औषधात मिसळायचं नाही. द्रावण आंबट होतं, तांबं सुटतं आणि पानं करपतात.

कळमेश्वरकर
बोर्डो पेस्ट सगळेच लावतात, पण बनवतात चुकीची. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, प्लॅस्टिक किंवा मातीच्या. लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात मोरचूद घातला की तांबं भांड्यालाच चिकटतं. चुना ताजा हवा, हवेत पडून भुकटी झालेला नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता, उलटं नको. ओतताना लाकडी काठीने ढवळत राहा.

मग चाकूची परीक्षा: स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रण आम्ल आहे, साल भाजेल. थर दिसेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवा. आणि बनवलेलं त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते खाली बसतं, सालीला धरत नाही.

सूक्ष्मदर्शी
@नरखेडचा_बांध, सगळं बरोबर, फक्त एक दुरुस्ती. फायटोप्थोरा ही खरी बुरशी नाहीच. दिसायला तशीच, तंतूही तसेच, पण तिची भिंत कायटिनची नाही, सेल्युलोज आणि ग्लुकनची आहे. नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी. ती स्वतःचं अर्गोस्टेरॉल बनवत नाही म्हणून ॲझोल तिच्यावर चालत नाहीत, आणि कार्बेन्डाझिमही चालत नाही. 'बुरशीनाशक मारलं तरी डिंक्या हटत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

गंमत म्हणजे बोर्डो मिश्रणाचा जन्मही अशाच खोट्या बुरशीपायी झाला. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवायला चुना-मोरचूद शिंपडत. मिलार्दे यांच्या लक्षात आलं की त्या वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगासमोर आणलं. केवडाही फायटोप्थोराच्याच जातकुळीतला.

नरखेडचा_बांध
दुरुस्ती मान्य. शेतकऱ्याला त्यातून कामाचं हे निघतं की तिचे बीजाणू पोहतात. त्यांना दोन शेपट्या असतात, आळ्यात साचलेल्या पाण्यातून ते मुळापर्यंत पोहत जातात. म्हणून एका आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात सोडणं म्हणजे रोग घरपोच देणं. आपली काळी कन्हारी जमीन फुगते, पाणी धरून ठेवते. दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढा. दुहेरी आळं करा, आतल्या कड्याने बुंध्यापाशी पाणी येऊ देऊ नका, पाणी फक्त बाहेरच्या कड्यात. आणि कलम घेताना डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधलेला पाहा. डोळा मातीत गेला तर जंबेरी खुंटाचा काहीच उपयोग नाही.

मौद्याची_धानवाली
ट्रायकोडर्मा आणि बोर्डो एकाच आठवड्यात चालतं का? दुकानदार 'चालतं' म्हणतात.

कळमेश्वरकर
बोर्डो बुंध्यावर आणि ट्रायकोडर्मा मातीत असेल तर फार बिघडत नाही. पण एका टाकीत कधीच नाही, आणि तांबं मातीत ओतलं असेल तर १०-१५ दिवस थांबा. तांबं तिलाही मारतं, ती बिचारी बुरशीच.

नुसती पुडी आळ्यात रिकामी करूनही काही होत नाही. कोरड्या, रिकाम्या मातीत ती उपाशी मरते. १ किलो भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, मुठीत दाबलं की लाडू होईल पण पाणी गळणार नाही इतकं ओलं करा. सावलीत ओल्या पोत्याखाली १०-१५ दिवस ठेवा, तीन-चार दिवसांनी एकदा चाळवा. वर हिरवट-पांढरा थर आला की वापरा. पुडीवरची मुदत बघा आणि दुकानात ती उन्हात ठेवली होती का तेही बघा. आपल्या मे महिन्यात दुकानाच्या काचेआड ती मरूनच जाते.

कुटार_ते_धिंगरी
आणि हाच ट्रायकोडर्मा आमच्या धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशवीत शिरला की अख्खी पिशवी जाते! पांढऱ्या जाळ्यावर हिरवा डाग म्हणजे तोच. पिशवी तिथे उघडू नका, दोन पिशव्यांत बांधून शेडबाहेर न्या. बागेत ट्रायकोडर्मा हाताळलेल्या हातांनी आणि कपड्यांनी मशरूमच्या शेडमध्ये जायचं नाही.

सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, धिंगरीला उत्तम. पाण्याच्या टाकीत १०० लिटरला ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, कुटार १८ तास बुडवून टाकी झाकून ठेवा. रसायन नको असेल तर ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर. मग उतार दिलेल्या स्वच्छ फरशीवर निथळू द्या. मूठ घट्ट दाबली तर हात ओला व्हावा, थेंब पडू नये. इथेच बहुतेकांचं फसतं. जास्त ओलं असलं की तळाशी जिवाणूंचा आंबूस वास येतो, स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, पुढे सरकत नाही. ओल्या वजनाच्या २ टक्के स्पॉन थराथराने भरा, पिशवीला भोकं पाडा, अंधारात १५-२० दिवस. एक किलो कोरड्या कुटारावर साधारण अर्धा ते पाऊण किलो धिंगरी निघते. देठ लांब आणि टोपी बारीक आली तर खेळती हवा कमी पडतेय.

नागपुरात जुलै ते फेब्रुवारी हाच हंगाम. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत कोणी स्वस्तात पिशव्या दिल्या तरी घेऊ नका.

श्वास_आणि_छाती
वरच्या प्रतिसादात एक जोड देतो, कारण तो मुख्य प्रश्नाशीही जुळतो. धिंगरीची टोपी उलटी वळण्याआधी तोडा. वळली की ती कोट्यवधी बीजाणू सोडते, शेडमध्ये धुकं दिसतं. तो धूर रोज छातीत गेला तर फुप्फुसाची ॲलर्जी होते. काम केल्यावर ४ ते ८ तासांनी ताप, अंग दुखणं, कोरडा खोकला. सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामाला गेलं की पुन्हा. हा फ्लू समजून वर्षानुवर्षं अंगावर काढला तर फुप्फुस कायमचं घट्ट होतं. शेडमध्ये एन-९५ मास्क, कापडी रुमाल नाही.

कूलरच्या ताटीवर बहुधा ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम हे तिघं असतात. निरोगी माणसाला त्यांनी फारसं काही होत नाही. आपण दिवसभर असे बीजाणू श्वासातून घेतच असतो. फुप्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात, शिवाय बहुतेक बुरशींना ३७ अंशांत वाढताच येत नाही. दमेकरी, जुना क्षयरोग होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, यांची गोष्ट वेगळी. दमेकऱ्याला खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडत असतील आणि दमा इन्हेलरने आटोक्यात येत नसेल तर ॲस्परजिलसची ॲलर्जी तपासा. रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन) आणि ॲस्परजिलसचं आयजीई, इथून सुरुवात.

गोपालनगर
मग म्युकर? तेव्हा तर घरोघरी कूलर बंद करायला लावले होते.

श्वास_आणि_छाती
म्युकरच्या जातीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या पोळीवर, सगळीकडे असतात. ते २०२१ च्या आधीही होते, आत्ताही आहेत. आपल्या देशात हा आजार कोविडआधीही जगाच्या मानाने कितीतरी पट जास्त होता, कारण आटोक्याबाहेरचा मधुमेह. २०२१ मध्ये त्यात भर पडली ती कोविडमध्ये शरीराची झालेली हानी आणि स्टेरॉइड. स्टेरॉइडने गंभीर रुग्णांचे जीव वाचले, पण गरज नसताना, जास्त मात्रेत, जास्त दिवस आणि साखर न तपासता दिलं गेलं तिथे या बुरशीला रान मोकळं मिळालं. रक्तातली साखर वाढून आम्लता झाली की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटतं आणि ऱ्हायझोपसला, म्हणजे म्युकरच्याच कुळातल्या बुरशीला, नेमकं तेच हवं असतं.

'काळी बुरशी' हे नावही चुकीचं. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीत शिरून ती बुजवते, पुढचं मांस मरतं, ते काळं दिसतं. म्हणून नुसतं औषध पुरत नाही, मेलेल्या भागात रक्तच जात नाही तर औषध कसं जाणार? शस्त्रक्रियेने तो भाग काढावा लागतो आणि सोबत ॲम्फोटेरिसिन.

मधुमेह आणि स्टेरॉइड दोन्ही असतील तर गालाचा एक भाग बधिर होणं, एकाच बाजूची सूज, नाकातून काळपट स्राव, दात अचानक हलणं, एकाचे दोन दिसणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. इथे एक दिवस फार मोठा असतो.

रेशीमबागेतली
कातडीच्या बुरशीबद्दल कोणी लिहीत नाहीये आणि पावसाळ्यात घरोघरी तेच आहे. मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबने गजकर्ण दोन दिवसांत फिकट होतं, मग दुप्पट पसरतं. असं का?

त्वचा_आणि_केस
कारण त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध, जिवाणूवरचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड, असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं. पण लाली म्हणजे शरीराची लढाई. ती थांबली की बुरशी निवांत पसरते. गोल चट्ट्याची ठळक कड नाहीशी होते, आतल्या बाजूला नवीन कड्या उठतात आणि डॉक्टरलाही ओळखणं जड जातं. जांघेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन ताणाच्या पांढऱ्या रेषा पडतात, त्या जात नाहीत.

गेल्या काही वर्षांत भारतात पसरलेली जात म्हणजे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, हे नाव २०२० चं. हिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन चालत नाही. औषध ज्या विकराला धरतं, त्याच्याच जनुकात बदल झालाय. म्हणून आता इट्राकोनॅझोल बहुतेकदा द्यावं लागतं, तेही आठवडाभर नव्हे, ४ ते ८ आठवडे, कधी जास्त. कॅप्सूल भरल्या पोटी घ्या. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही, आणि 'गोळी लागू पडली नाही' असं वाटतं. हृदयाची किंवा यकृताची तक्रार आणि इतर चालू गोळ्या डॉक्टरांना आधी सांगा.

मलम चट्ट्याबाहेर दोन बोटं निरोगी कातडीवरही लावायचं आणि चट्टा गेल्यावर आणखी दोन आठवडे. टॉवेल, चादर, कंबरपट्टा, कोणाचंही कोणी वापरायचं नाही. पावसाळ्यात कपडे दमट राहतात, तर अंतर्वस्त्रांच्या शिवणी आणि नाडीच्या जागी गरम इस्त्री फिरवा. घरात दोघांना असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी, नाही तर तो चेंडू घरातच फिरत राहतो.

रेशीमबागेतली
दोन आठवडे जास्त, हे कोणी सांगतच नाही. धन्यवाद.

बुब्बुळ
आणखी एक, ऑक्टोबरच्या आत माहीत असावं म्हणून. सोयाबीन किंवा धान काढताना डोळ्याला पान, कुसळ लागलं की त्या जखमेतून फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस बुब्बुळात जातो. दोन-चार दिवसांनी डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही, बुब्बुळावर करड्या रंगाचा डाग आणि त्याच्या कडा पिसासारख्या. दुखणं कधी कधी डाग दिसतो त्या मानाने कमी असतं, म्हणून लोक थांबतात.

इथेही तीच चूक, स्टेरॉइडचे थेंब. दोन दिवस बरं वाटतं आणि बुब्बुळ आतून वितळतं. डाग खरवडून काचपट्टीवर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात तपासलं की बुरशीचे तंतू तासाभरात दिसतात. औषध नाटामायसिन ५ टक्के, सुरुवातीला तासातासाला, आणि बरं व्हायला काही आठवडे. मध, तूप, दूध डोळ्यात घालू नका. मळणीच्या वेळी साधा प्लॅस्टिकचा चष्मा घातला तर यातलं काहीच होत नाही.

वारूळ
आता जरा चांगल्या बाजूचंही लिहूया. ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंड्याजवळच्या पानाला चिकटलेली ताठ, पांढरी अळी दिसते का? आधी चुन्यात बुडवल्यासारखी, दोन-तीन दिवसांनी फिकट हिरवी भुकटी. ही करामत मेटाऱ्हायझियम रायलेई या बुरशीची. पावसाची झड आणि ढगाळ हवा असली की ती तंबाखूची पानं खाणारी अळी आणि उंटअळी शेतच्या शेत साफ करते, फुकट. बीजाणू अळीच्या कातडीतून आत शिरतो, खावा लागत नाही. अशा वेळी 'टॉनिकसोबत मारून टाकू' म्हणून बुरशीनाशक फवारलं तर आपलाच राखणदार मरतो.

आता सात्या. पूर्व विदर्भात पहिल्या जोरदार पावसानंतर वारुळाजवळ उगवणाऱ्या खाण्याच्या छत्र्या, कुठे त्यांना टेकोडे म्हणतात. ही टर्मिटोमायसिस बुरशी वाळवी स्वतः पेरते. चघळलेला पाला-लाकूड रचून जमिनीत पोळं करते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाते. लाकडातलं लिग्निन वाळवीला पचत नाही, बुरशी ते फोडते. सात्या हळूच उपटली तर देठ संपतच नाही, खाली मुळीसारखा निमुळता होत हातभर आत पोळ्यापर्यंत जातो. म्हणून उपटू नका, जमिनीलगत कापा, पोळं शाबूत राहतं.

धरमपेठी
लॉनवर येतात त्या पांढऱ्या छत्र्या पण याच का? बाजारातल्यासारख्याच दिसतात.

वारूळ
नाही! हात लावायला हरकत नाही, खायला आहे. लॉनवरची मोठी पांढरी, वर तपकिरी खवले आणि देठावर सरकणारी कडी असलेली बहुधा क्लोरोफिलम. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. तपासायची पद्धत: टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर राहू द्या. ठसा हिरवट आला तर क्लोरोफिलम. सात्येचा ठसा फिकट गुलाबी. पण ठसा गुलाबी आला म्हणजे खायला मोकळीक असं समजू नका, गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा होतो, किड्याने खाल्लं म्हणजे चालतं, हे सगळे समज खोटे आहेत. सर्वांत वाईट विष अमॅनिटा जातीच्या छत्र्यांचं. ते शिजवून जात नाही, ६ तासांनंतर कधीतरी त्रास सुरू होतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत बसतं. उशिरा सुरू झालेली उलटी म्हणजे जास्त धोका. उरलेली छत्री कागदी पिशवीत घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात जा.

सिमेंट_रोडवरचा_कडुलिंब
झाडांबद्दल. जूनच्या वादळात रस्त्याकडेचं हिरवंगार गुलमोहर मुळासकट आडवं होतं आणि लोक वाऱ्याला दोष देतात. बुंध्याशी लाकडी बशीसारखी चकाकती तपकिरी छत्री दिसली का ते बघा. ते गॅनोडर्मा. रस्ता खोदताना मूळ तुटतं, त्या जखमेतून शिरतं, लिग्निन खातं, मूळ आतून स्पंजासारखं पांढरं होतं. पानं मात्र हिरवीच राहतात. छत्री तोडून टाकल्याने काही होत नाही, ते फक्त फळ आहे. बुंध्याभोवती निदान एक मीटर मोकळी माती ठेवणं आणि मुळं न तोडणं, एवढंच हातात असतं. जंगलात हीच बुरशी नसती तर पडलेल्या लाकडांखाली जंगल गुदमरलं असतं. तिचं काम वाईट नाही, जागा आपण बिघडवली.

मौद्याची_धानवाली
शेंगदाण्याचं कोणी सांगा. बुरशी लागलेले दाणे भाजून चालतात का?

सूक्ष्मदर्शी
नाही. ॲस्परजिलस फ्लेवसचं अफ्लाटॉक्सिन भाजून किंवा तळून पुरतं जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडात भुईमुगाच्या पेंडीने लाखभर टर्की मेल्या तेव्हा हे विष उजेडात आलं. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवर बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ जणांना कावीळ झाली, त्यातले १०६ दगावले. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग.

सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे वेचून फेका. एखादा दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंका. शेंगा वाजेपर्यंत वाळवा, दाण्यात ओल ८ टक्क्यांच्या आत हवी. पोती भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या. बुरशी लागलेला दाणा किंवा ढेप जनावरालाही नको, विष दुधात उतरतं.

धरमपेठी
खूप मिळालं. आता माझ्या मूळ प्रश्नाचं शेवटचं टोक, ताटी. नेमकं काय करायचं?

श्वास_आणि_छाती
वूडवुलची ताटी धुऊन परत वापरू नका. ती स्वस्त आहे, दरवर्षी नवीन भरा. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून 'मारली' एवढ्याने काम होत नाही, काढावी लागते. ताटी सोडण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडून ओली करा म्हणजे भुकटी उडणार नाही. मास्क लावून, अंगणात किंवा गच्चीवर. दमेकऱ्याने हे काम करू नये.

टाकी आधी साबणाने घासा. मग १० लिटर पाण्यात १०० मिली घरगुती ब्लीच, १०-१५ मिनिटं ठेवा आणि दोनदा धुवा, नाही तर पत्रा गंजतो. ब्लीचसोबत ॲसिड कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो. पंपाची जाळी आणि पाण्याची नळी विसरू नका, चिकट थर तिथेच असतो. हनीकोंब पॅड असेल तर मऊ ब्रशने घरांच्या दिशेने, ब्लीच नको, त्याचा पुठ्ठा सुटतो. सगळं दोन दिवस पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नका आणि प्लॅस्टिकमध्ये तर नाहीच, जुनी सुती चादर.

पुढच्या उन्हाळ्यात रोज बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा २०-३० मिनिटं चालू ठेवा. ताटी कोरडी झाली की बुरशी धरत नाही. आणि टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, डेंग्यूच्या डासासाठी ते तसंही करायचंच आहे.

धरमपेठी
आणि काढलेलं वूडवुल? कचरागाडीत?

वारूळ
ब्लीच लागलं नसेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. एक थर वूडवुल, एक थर ओला कचरा किंवा शेण, वर माती. नुसतं लाकूड असल्याने नत्र कमी पडतं, म्हणून शेण हवंच. चाळवताना पुन्हा मास्क. दिवाळीपर्यंत त्यावर पांढरे धागे पसरलेले दिसतील, त्यांना काही करू नका.